पावणेपाचशे डॉलर

जून १९५०. अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम. पाय टेकताच नाकात शिरतो तो दगडी कोळशाचा धूर. हे पोलादाचं शहर. १८७१ मध्ये वसलं आणि भट्ट्यांच्या जोरावर इतक्या झपाट्यानं वाढलं की लोक त्याला जादूनगरी म्हणू लागले. जादू काही तुम्हाला दिसत नाही. दिसतात त्या पाट्या. हा नळ गोऱ्यांचा, तो काळ्यांचा. हे दार यांचं, ते त्यांचं. आपण कुठल्या दारानं आत जायचं, हा प्रश्न स्वतःच्या सावळ्या हातांकडे बघून तुम्हालाही पडतो. सुदैवानं इथे तुम्ही कुणाला दिसत नाही.

न्हाव्याच्या दुकानातल्या बाकावर ‘बर्मिंगहॅम वर्ल्ड’चा अंक पडलाय. काळ्या लोकांनी काळ्या लोकांसाठी चालवलेलं हे वर्तमानपत्र. पहिल्या पानावर एका सुताराच्या निधनाची बातमी आहे. डॉल्फस शील्ड्स, वय ९१. स्वतःचं घर, सुतारकामाचं आणि हत्यारांना धार लावून देण्याचं स्वतःचं दुकान, दोन बाप्टिस्ट चर्चच्या उभारणीत हात, चर्चच्या रविवारच्या शाळेची देखरेख. सुताराची बातमी पहिल्या पानावर यावी एवढा मान या माणसानं कमावला होता. त्याच पानावर दुसरीही बातमी आहे: आगगाडीच्या भोजनडब्यात आणि उच्च शिक्षणात काळ्यांना वेगळं बसवणं चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिलाय. भोजनडब्याचा खटला एल्मर हेंडरसन नावाच्या सरकारी नोकराचा. १९४२ मध्ये तो वॉशिंग्टनहून याच बर्मिंगहॅमला निघाला होता. काळ्यांसाठी पडदा लावून ठेवलेल्या टेबलांवरही गोरे प्रवासी बसलेले होते, म्हणून त्याला रात्रीचं जेवण मिळालं नाही. तिथून निकालापर्यंत आठ वर्षं लागली. डॉल्फस जन्मला तेव्हा तर न्यायालयाच्या लेखी तो माणूसच नव्हता, कुणाच्या तरी मालकीची चीज होता. आणि त्याच्या मृत्यूची बातमी या निकालाशेजारी छापून आली.

डॉल्फसचा मुलगा रॉबर्ट ली, रेल्वेत पोर्टर. त्याचा मुलगा पर्नेल, शिकागोला गेलेला कारागीर. पर्नेलची मुलगी मॅरियन. आणि मॅरियनची मुलगी मिशेल, जी २० जानेवारी २००९ रोजी नवऱ्याबरोबर व्हाइट हाउसमध्ये राहायला जाणार आहे. म्हणजे डॉल्फस हे मिशेल ओबामांचे खापरपणजोबा. तुम्हाला त्यांच्याही मागे एक पिढी जायचंय, डॉल्फसच्या आईपर्यंत.

निघण्यापूर्वी या प्रवासाचे नियम समजून घ्या. वंशावळ शोधणारे उलटे चालतात, मरणाकडून जन्माकडे. आणि थांबता येतं ते फक्त जिथे कागद आहे तिथे. दोन कागदांमधली वर्षं डोळे मिटून ओलांडावी लागतात. ही वाट मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-संशोधिकेनं शोधली आणि २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ती जगापुढे मांडली. त्या बातमीच्या दोघी लेखिकांपैकी रेचेल स्वार्न्स यांनी पुढे त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तुम्ही त्यांनी पाडलेल्या पायवाटेनं चाललाय.

पहिला मुक्काम फार लांब नाही. १९३८, शेजारचं जॉर्जिया राज्य, बार्टो काउंटीतलं किंगस्टन गाव. तुमच्यासमोर मृत्युदाखला आहे. मरण पावलेली बाई नव्वदी ओलांडलेली. हीच डॉल्फसची आई, मेल्विनिया. दाखल्यावर बापाच्या नावाचा रकाना आहे, आईच्या नावाचा आहे, आणि तिथे माहिती देणाऱ्या नातेवाइकानं सांगितलंय, ‘माहीत नाही.’

तुम्हाला जरा चीडच येते. एवढी वर्षं ही बाई घरात होती, कुणी तिला विचारलंच नाही? आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत सात-सात पिढ्यांची नावं निघतात, कारण घरचीच माणसं जाऊन ती सांगतात आणि उपाध्ये लिहून घेतात. (बायकांची नावं त्यांतही बेतानंच असतात, आणि कोणाची वही ठेवायची नाही हेही ठरलेलं होतं, तेव्हा फार मान ताठ करायला नको.) योगायोग असा की १९३६ ते १९३८ या काळात सरकारी पगारावरचे लेखक दक्षिणेत गावोगाव हिंडत होते आणि गुलामीतून सुटलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी उतरवून घेत होते. दोन हजार तीनशेहून अधिक मुलाखती झाल्या. मात्र तुमच्या वाटेवर जेवढे कागद लागतील, त्यांत मेल्विनियाच्या तोंडचं एक वाक्यही नाही. तिच्याविषयी बोलतात ते सगळे दुसरे.

पुढचा थांबा जॉर्जियात नाही, वॉशिंग्टनमध्ये आहे, आणि तो थांबा नसून खड्डा आहे. जानेवारी १९२१. व्यापार खात्याच्या इमारतीच्या तळघरातून धूर येतोय, बंबवाले पाण्याचा मारा करतायत. खाली रचून ठेवलेले गठ्ठे म्हणजे १८९०ची शिरगणती. काही जळाले, उरलेले भिजले, आणि त्यांतलंही बरंचसं काही वर्षांनी सरकारनंच निकालात काढलं. त्यामुळे अमेरिकेत कुणाचाही पूर्वज शोधायला जा, १८८० नंतर थेट १९०० उजाडतं. डॉल्फस तिशीत जॉर्जिया सोडून बर्मिंगहॅमला आला तो नेमका याच वीस वर्षांच्या पोटात. १९०० मध्ये डोळे उघडता तेव्हा तो स्वतःच्या मालकीच्या घरात आहे. मधे किती भाड्याच्या खोल्या झाल्या, पहिला रंधा कुणी हातात दिला, हे पाण्यात गेलं.

या खड्ड्याच्या अलीकडे-पलीकडे एक गोष्ट मात्र कागदांतून हाती लागते. गुलामीतून सुटल्यावर मेल्विनिया बरीच वर्षं अटलांटाच्या दक्षिणेला क्लेटन काउंटीत राहिली. तिशीत की चाळिशीत तिनं ते गाव सोडलं आणि वायव्येला, अलाबामाच्या सीमेजवळच्या बार्टो काउंटीत आली. तिथे मराया आणि बोलस ईझली हे जोडपं राहत होतं. त्यांची मुलगी ॲलिस. डॉल्फसचं लग्न या ॲलिसशी झालं. तुम्ही आपल्या वहीत टिपून ठेवता: ईझली, व्याही, बहुधा शेजारी. आणि पुढे सरकता.

आता डोळे उघडाल ते १८७० च्या उन्हाळ्यात. इथे सावकाश उतरा.

जमीन तांबडी, आपल्या कोकणातल्यासारखी लाल. पाइनची झाडं, मधूनमधून कापसाची आणि मक्याची शेतं. यादवी युद्धात अटलांटा जळून सहा वर्षं झालीत. शिरगणतीचा कारकून दारोदार फिरतोय. मोठे छापील तक्ते, टाक, दौत. मेल्विनियाच्या दाराशी तो येतो आणि तिचं नाव लिहितो.

यात विशेष काय, असं वाटेल. पण हा तक्ता वंशावळी शोधणाऱ्या काळ्या अमेरिकनांमध्ये ‘१८७०ची भिंत’ म्हणून ओळखला जातो. त्याआधीच्या १८५० आणि १८६०च्या शिरगणतीत गुलामांची वेगळी यादी असे, आणि तिच्यात नाव असे फक्त मालकाचं. गुलामापुढे वय, लिंग, रंग, संपलं. जवळजवळ चाळीस लाख माणसं अशी बिननावाची मोजली गेली. १८७० मध्ये ती पहिल्यांदा नावानिशी सरकारदरबारी आली. म्हणून शोधत आलेला माणूस इथवर पोहोचतो, आणि बहुतेकांची वाट इथेच संपते, कारण पलीकडे शोधायचं तर स्वतःच्या आजोबांचं नाव उपयोगी पडत नाही. त्यांना विकत घेणाऱ्याचं नाव लागतं.

कारकुनाच्या खांद्यावरून वाका. मेल्विनिया शील्ड्स, वय पंचविशीच्या आसपास, काम शेतमजुरी. खाली चार मुलं, त्यांत दहा-अकरा वर्षांचा डॉल्फस. मग रंगाचा रकाना. हा रकाना कारकून कुणाला विचारून भरत नाही, बघून भरतो. गोऱ्यासाठी एक अक्षर, काळ्यासाठी दुसरं, मिश्र रक्ताच्या ‘मुलाटो’साठी तिसरं. चारपैकी तीन मुलांसमोर तो तिसरं अक्षर घालतो आणि पुढच्या ओळीला लागतो. मुलांच्या बापाच्या नावासाठी या तक्त्यात रकानाच नाही. घरात कोण कोणाचं कोण लागतं, हे विचारायला सुरुवात व्हायला अजून दहा वर्षं आहेत.

आता मान वळवून शेजारच्या शेताकडे बघा. ते चार्ल्स शील्ड्सचं आहे. चार्ल्स हा तिच्या जुन्या मालकाचा, हेन्री शील्ड्सचा मुलगा. मेल्विनियानं मुलांना आडनावही शील्ड्सच दिलंय. आणि त्यांतलं एक मूल तर गुलामी संपल्यानंतर चार वर्षांनी जन्मलेलं आहे.

इथे तुमच्या मनात जो प्रश्न येतो तो येऊ द्या, त्याची लाज वाटायचं कारण नाही. सुटका झाल्यावरही ही इथेच का राहिली? त्या शेताच्या बांधाला बांध लावून? पण उत्तर देण्याची घाई करू नका. चार मुलं पदरात, जमीन नाही, बैल नाही, अक्षर ओळखत नाही, कारण जॉर्जियात गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं १८२९ पासून कायद्यानं गुन्हा होता. उत्तरेच्या सैन्याच्या जनरल शर्मननं सुटलेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर देण्याचा हुकूम काढला होता, तो किनारपट्टीपुरता, आणि वर्ष सरायच्या आत अध्यक्ष जॉन्सननं त्या जमिनी जुन्या मालकांना परत दिल्या. मग जायचं कुठे? मुलांच्या बापाशी असलेल्या नात्यात जबरदस्ती किती होती, सवय किती, भीती किती, आणि आणखी काही होतं का, हे तक्त्यावरून ठरवणारे बरेच पंडित आहेत. मला तो आगाऊपणा वाटतो. डॉल्फस झाला तेव्हाच्या पंधरा वर्षांच्या मुलीपाशी नकार द्यायची सोयच नव्हती, एवढं नक्की. त्यापुढचं तिचं तिला ठाऊक.

इथून तीन वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करतील आणि ते पुस्तक अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण करतील, काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. हजारो मैलांवरून जोतीरावांना जे दिसलं ते खरंच होतं. एवढ्या मोठ्या देशानं स्वतःशीच युद्ध करून ही प्रथा मोडली होती. इथे, क्लेटन काउंटीतल्या या दारात, त्या मुक्तीचा हिशेब एका शब्दात मांडलाय: शेतमजूर. मालकी गेली, शेतातलं राबणं तेच राहिलं. पुढे सुटलेल्यांवर काय आलं हे त्या अर्पणपत्रिकेत नाही, आणि तेव्हा ते पुण्यात बसून कुणाला कळणारही नव्हतं.

भिंत ओलांडायची तर मालकाचं बोट धरावं लागतं. तुम्ही हेन्री शील्ड्सचं धरता.

मधले दोन क्षण भराभर. ६ डिसेंबर १८६५: गुलामी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला जॉर्जियाच्या विधिमंडळानं मान्यता दिली. राज्यांची तीन-चतुर्थांश संख्या भरायला सत्तावीसचा आकडा लागत होता, आणि सत्ताविसावं राज्य नेमकं हे निघालं. ३१ ऑगस्ट १८६४: याच काउंटीत काही मैलांवर जोन्सबरोला तोफा धडधडतायत, दोन दिवसांनी अटलांटा पडेल. या युद्धाची झळ तुमच्या मुंबईला लागली ती उलट्या बाजूनं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि गुजरात-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत कंपन्यांचं पीक आलं, समुद्रात भराव घालण्याचे शेअर हातोहात खपले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळा डोलारा खाली आला. मेल्विनिया ज्या रोपाखाली वाकत होती त्याच्या भावावर मुंबईतले शेठ चढत-पडत होते.

१८६०. अटलांटाजवळ आज रेक्स म्हणून जे गाव आहे, तिथलं हेन्री शील्ड्सचं दोनशे एकरांचं शेत. ‘गॉन विथ द विंड’मधल्या खांबांच्या हवेल्या डोक्यातून काढून टाका. हा आपल्या हातांनी राबणारा मध्यम शेतकरी आहे. त्याच्याकडे दोन सरकारी वह्या येऊन गेल्यात.

पहिली वही शेतीची. गहू, मका, रताळी, कापूस. घोडे तीन, गाई पाच, डुकरं सतरा, मेंढ्या वीस.

दुसरी वही गुलामांची. संख्या तीन.

दोन्ही वह्या एका हिशेबाच्या आहेत, दोन्हीत नाव हेन्रीचंच आहे. तुम्ही कणगीपाशी उभे राहून विचार करता की या वीस मेंढ्यांना रोज चारा-पाणी कोण करत असेल. घरकाम मेल्विनियाकडे होतं की शेतकाम, हे ठरवायची गरजही नाही. तीनच माणसं, मग सगळंच. ती आधी ज्या मालकाकडे होती त्याच्या वस्तीवर एकवीस गुलाम होते. संध्याकाळी तिथे आपली माणसं तरी भोवती असत. इथे रात्री बोलायला दोन तोंडं.

आणि इथेच, १८५९ च्या सुमारास, डॉल्फसचा जन्म झालाय. मेल्विनिया तेव्हा जेमतेम पंधरा-सोळाची. बाप गोरा. हेन्री चाळिशीच्या शेवटाला, त्याचे चार मुलगे एकोणीस ते चोवीस वयाचे. बापाचं नाव कागदावर का नाही, याचं उत्तर फार जुन्या कायद्यात आहे. १६६२ मध्ये व्हर्जिनियानं ठरवलं की मूल आईची स्थिती घेऊन जन्मतं: आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणी का असेना. पुढे गुलामी पाळणाऱ्या सगळ्या दक्षिणेत हाच नियम चालला. बाप लपवायची गरजच उरली नाही. तो हिशेबात धरलाच जात नव्हता. मालकाच्या घरात जन्मलेलं मूल म्हणजे मालकाच्या मालमत्तेत पडलेली भर. याच १८५९ साली मिसिसिपीच्या वरिष्ठ न्यायालयानं असा निर्णय दिला की गुलाम मुलीवर झालेला बलात्कार राज्याच्या कायद्यानं गुन्हा ठरत नाही. ती मुलगी दहा वर्षांचीही नव्हती.

ज्या गोष्टीला कागद नव्हता ती शेवटी रक्तातून निघाली. स्वार्न्स यांच्या पुस्तकासाठी काळ्या आणि गोऱ्या शील्ड्स वंशजांच्या डीएनए चाचण्या झाल्या, आणि दोन्ही घराणी रक्ताची निघाली. बोट वळलं ते हेन्रीच्या मुलाकडे, चार्ल्सकडे. तोच, १८७० च्या बांधापलीकडचा. २०१२ मध्ये रेक्समध्ये मेल्विनियाच्या स्मारकाच्या वेळी दोन्हीकडचे वंशज एका मांडवाखाली आले. मालकाच्या घराण्यातल्या वयस्क माणसांना आपल्या खापरपणजोबाविषयी असं काही ऐकून घ्यावं लागणं सोपं नसणार. तरी ते आले, एवढ्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

अजून मागे. १८५२. तुम्ही जॉर्जिया सोडता आणि साउथ कॅरोलायनात, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी स्पार्टनबर्गला येता. मेल्विनियाचा आधीचा मालक, डेव्हिड पॅटरसन हा म्हातारा, वारलाय. आता त्याच्या मालमत्तेची यादी होतेय.

असल्या यादीचं काम कसं चालतं ते बघा, कारण तुमच्या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत शांत, सर्वांत व्यवहारी प्रसंग आहे. आजूबाजूचे दोन-तीन प्रतिष्ठित शेतकरी किंमत ठरवायला नेमलेले असतात. ते घरात शिरतात, खळ्यात जातात, गोठ्यात जातात. वस्तू हातात घेऊन बघतात, एकमेकांत बोलून आकडा ठरवतात, कारकून लिहितो. माणसाच्या वेळीही तेच. चालायला लावतात, हात बघतात, वय विचारतात. पुरुषाची किंमत अंगमेहनतीवर, बाईची तिच्यावर आणि तिला होऊ शकणाऱ्या मुलांवर. लहान मुलीच्या किमतीत तर पुढची सगळी वर्षं धरलेली असतात. यात कुणी क्रूरपणे ओरडत नाही. वारसांना बरोबर वाटा मिळावा म्हणून प्रामाणिकपणे चाललेलं काम आहे ते, आणि त्या प्रामाणिकपणानंच तुमच्या अंगावर काटा येतो.

आठेक वर्षांच्या मेल्विनियासमोर आकडा पडतो: ४७५ डॉलर.

या पावणेपाचशेमुळेच ती सापडली. तिच्यासाठी कुणी पैसे मोजणार नसतं, तर कुणी तिचं नावही लिहून ठेवलं नसतं. गोऱ्या माणसाच्या वंशजाला पूर्वज शोधताना बाप्तिस्म्याची नोंद मिळते, लग्नाची, जमिनीच्या खरेदीची. इथे मुलगी मिळते ती किंमत लावली म्हणून. आजही स्पार्टनबर्गसारख्या ठिकाणी जुन्या मृत्युपत्रांच्या जाड वह्या उलटताना काळे संशोधक जीव मुठीत धरून आकड्यांची वाट बघतात, आणि आकडा दिसला की त्यांना आनंद होतो. या आनंदाला काय म्हणावं?

मग वाटणी. मेल्विनिया पॅटरसनच्या मुलीकडे, क्रिश्चियानकडे जाते. क्रिश्चियानचा नवरा हेन्री शील्ड्स. म्हणजे दीडशे मैलांहून जास्त नैर्ऋत्येला, दुसऱ्या राज्यात, जिथे ती कुणालाच ओळखत नाही.

आणखी दोन वर्षं मागे गेलात की शेवटचा कागद. १८५०. म्हातारा पॅटरसन हयात आहे, टाक घेऊन मृत्युपत्र लिहितोय. सूत कातायचे चरखे, लांब दांड्यांचे विळे, टेबलावर अंथरायची कापडं, गुरं. कोणाला काय. या सगळ्यात एक ‘निग्रो मुलगी मेल्विनिया’. सहा वर्षांची. आडनाव नाही, आईचं नाव नाही. मुलगी एखाद्या बाईच्या पोटी जन्मली असणार ही गोष्ट मृत्युपत्राच्या कामाची नाही.

याच्या मागे कागद नाही, म्हणून तुम्हालाही जाता येत नाही. पण परत फिरण्याआधी पॅटरसनच्या या वस्तीवर एक चक्कर मारा. एकवीस माणसं. त्यांत मराया नावाची आहे. बोलस नावाचा आहे.

थांबा. ही नावं तुमच्या वहीत आहेत.

बार्टो काउंटी. ईझली, व्याही, बहुधा शेजारी. ते शेजारी नव्हते. मेल्विनिया सहा-आठ वर्षांची असताना ज्या अंगणात वाढली, त्याच अंगणातली ती माणसं. यादी झाली, वाटण्या झाल्या, ही जॉर्जियाच्या एका कोपऱ्यात गेली. मधे कित्येक वर्षं गेली, एक युद्ध गेलं, चार मुलं झाली. आणि एक दिवस ती शील्ड्सच्या बांधाजवळून उठून नेमकी त्यांच्यापाशी जाऊन राहिली. अक्षरओळख नसलेल्या बाईनं हे कसं साधलं असेल? त्या काळात काळ्यांच्या वर्तमानपत्रांत ‘आमची माणसं हरवली आहेत’ अशा जाहिराती येत: आईचं नाव, मालकाचं नाव, शेवटचं कुठे पाहिलं, कुणाला विकलं. चर्चमध्ये पाळक त्या मोठ्यानं वाचून दाखवत आणि ऐकणारे त्या पुढच्या गावाला नेत. मेल्विनियाला मार्ग असा सापडला की आणखी कसा, ते तिला माहीत. शील्ड्सच्या शेतावरच्या सगळ्या वर्षांत तिनं आपल्या माणसांची नावं आणि ती कुठून आली ते डोक्यात धरून ठेवलं होतं, याशिवाय हे होणं शक्य नाही. मृत्युदाखल्यावर ‘माहीत नाही’ म्हणणारा नातेवाईक दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा. तो बाईचा विसराळूपणा नव्हता.

वहीतलं ‘शेजारी’ खोडा. डॉल्फस आणि ॲलिसच्या लग्नाकडे आता पुन्हा बघा. डॉल्फसची आई पॅटरसनच्या अंगणातली, ॲलिसची आईही पॅटरसनच्याच अंगणातली. रॉबर्ट लीच्या बापाकडून मागे या किंवा आईकडून, वाट स्पार्टनबर्गलाच येते. १८५२ मध्ये किंमत लावून जी माणसं वेगवेगळ्या दिशांना पाठवली, त्यांनी एका पिढीनंतर आपल्या मुलांची सोयरीक जुळवली होती, आणि ही सोयरीक ठरवताना कोणाच्याही मृत्युपत्राचा आधार त्यांना लागला नव्हता.